पेन ड्राइव्हला एंट्री लागत नाही

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत शिरणं विमानतळात शिरण्यापेक्षा अवघड आहे. गेटवर नाव, मोबाइल नंबर, कुणाकडे, कशाला. मग इंटरकॉमवरून वर विचारणा, मग फोटो. मे महिन्यात माझ्या सख्ख्या मेहुण्याला हातात आमरसाचा डबा घेऊन वीस मिनिटं उभं ठेवलं. आमरस टिकला, मेहुणा आंबला. शिवाय चोवीस कॅमेरे, दाराला सेफ्टी डोअर, खिडकीला ग्रिल आणि ग्रिलला कबुतरांसाठी जाळी.

एवढ्या बंदोबस्ताच्या मधोमध, सोसायटीच्या ऑफिसात, विंडोज ७ बसलेली आहे.

यंत्रावर जुन्या उशीच्या अभ्र्याचं कव्हर. मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी, चिठ्ठीवर पासवर्ड: सोसायटीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. पोटात चौऱ्याऐंशी फ्लॅटवाल्यांची आधार आणि पॅन कार्डं, भाडेकरूंचे करार, पोलीस व्हेरिफिकेशनचे फॉर्म, मेंटेनन्सचा हिशोब. शनिवारी गेटबरोबर त्यालाही लिंबू-मिरची मिळते. सुरक्षेवरचा तेवढाच काय तो चालू खर्च.

मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ची डागडुजी थांबवली. दुसऱ्या दिवसापासून पडदाभर सूचना झळकायला लागली की बाबांनो, याला आता वाली नाही. खाली ‘पुन्हा आठवण करू नका’ असंही एक बटण होतं. सेक्रेटरींनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि तेच दाबलं. महापालिकेच्या नोटिशीला असं बटण नसतं, ही त्यांची जुनी खंत आहे.

वार्षिक सभेत मी विषय काढला. आधीचा अर्धा तास रिडेव्हलपमेंटवर गेला होता. इमारत तीस वर्षांची झाली, स्ट्रक्चरल ऑडिट झालं, तिसऱ्या मजल्यावर प्लास्टर पडलं, आता बिल्डर आणा, असं सगळ्यांचं एकमत. म्हटलं, हीच गोष्ट कॉम्प्युटरची आहे. भोकं नव्या सिस्टिमच्या भिंतीलाही असतात. पण तिथे कंपनी दर महिन्याला मिस्त्री पाठवते. आणि नवीत कुठलं भोक बुजवलं हे जगजाहीर होतं. चोर ते वाचतो, मनात म्हणतो, हेच भोक जुनीतही असणार, आणि जुनीकडे मिस्त्री येत नाही.

‘पण चालतंय ना?’ खजिनदार म्हणाले.

उपनगराचं बोधवाक्य ठरवायची वेळ आली, तर हे तीन शब्द बिनविरोध निवडून येतील.

मी वॉनाक्राय विषाणूची गोष्ट सांगितली. मे २०१७. दीडशेच्या आसपास देशांत लाखो कॉम्प्युटर कुलूपबंद, आणि किल्लीसाठी तीनशे डॉलरची खंडणी, तीही बिटकॉइनमध्ये. तो ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारा पॅच मार्चमध्येच आला होता. ज्यांनी लावला ते शांत झोपले. विंडोज एक्सपीचा आधार तर २०१४ सालीच सुटला होता, तिच्यासाठी कंपनीने हल्ला झाल्यावर घाईघाईने पॅच काढला. पुढच्याच महिन्यात त्याच भोकातून शिरणाऱ्या दुसऱ्या एका विषाणूने न्हावाशेवा बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं. कंटेनर जागच्या जागी उभे.

‘आपल्याकडे कुठे जहाजं येतात?’ दुसऱ्या रांगेतून प्रश्न आला. हशा पिकला.

म्हटलं, जहाजं राहू द्या. मार्च २०२१मध्ये एमआयडीसीचे कॉम्प्युटर असेच खंडणीसाठी अडकवले होते. मुख्यालय कुठे? अंधेरीत. बोरिवलीहून फास्ट लोकल पकडली तर पहिलाच मोठा थांबा.

अंधेरीचं नाव निघताच सभा गंभीर झाली, पण विषय गर्दीकडे वळला. बोरिवली लोकलमध्ये अंधेरीवाले दारात उभे राहून उतरू देत नाहीत, यावर दहा मिनिटं चर्चा झाली. चर्चा चांगली झाली, इतिवृत्तात आहे.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी उपाय सुचवला. त्यांचा भाचा विंडोज १० फुकटात टाकून देतो. फुकटात म्हणजे कशी, हे विचारणं सभ्य माणसाला शोभत नाही. पण त्या बिचारीची सेवाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हे मी हळूच सांगितलं. म्हणजे बिल्डरने ताबा द्यावा आणि सोबतच इमारत धोकादायक असल्याची सी-१ नोटीस हातात ठेवावी. पैसे भरले तर वर्षभर पॅच मिळण्याची सोय कंपनीने ठेवली आहे, हेही सांगणार होतो. पण ‘पैसे’ या शब्दाला खजिनदारांनी हात वर केला.

त्यांची खरी अडचण मात्र रास्त होती. हिशोबाचं सॉफ्टवेअर जुनं, ते नव्या विंडोजवर उघडत नाही. प्रिंटरही त्याच पिढीतला. एकाला हलवलं की तिघांना हलवावं लागतं. आमच्या एकत्र कुटुंबांचंही असंच होतं. मी म्हटलं, निदान त्याचं इंटरनेट तरी तोडा, हिशोब तिथे करा, मेल आणि बँक दुसरीकडे. सेक्रेटरी म्हणाले, इंटरनेट तोडलं तर कॅमेरे मोबाइलवर कसे बघणार? चोरांवर नजर ठेवण्यासाठी चोरांना रस्ता मोकळा. नाही म्हणायला तर्क होता.

ठराव झाला: तीन कोटेशन मागवावीत. सूचक मी, अनुमोदक कुणी नाही म्हणून पुन्हा मीच. त्याच सभेत गेटच्या कमानीला ग्रॅनाइट लावायला तीन लाख रुपये टाळ्यांच्या गजरात मंजूर झाले.

परवा सकाळी दूध घेऊन परतलो, तर गेटवर नवा वॉचमन. ‘साहब, एंट्री कर दीजिए.’ म्हटलं, अरे बाबा, एकोणीस वर्षं इथे राहतो. त्याने रजिस्टर पुढे सरकवलं. मी नाव लिहीत होतो, तेवढ्यात स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून सेक्रेटरी आले. मला हात केला, सलाम घेतला, ऑफिस उघडलं आणि त्या दुकानातल्या शंभर कॉम्प्युटरांचं पाणी प्यालेला पेन ड्राइव्ह खिशातून काढून थेट मशीनला लावला.

मी अजून ‘कुणाकडे’ या रकान्यावर अडलो होतो.