पंधराशे रुपयांसाठी पंधराशे शब्द

प्रति,
श्री. / श्रीमती ॲडमिन,
मुक्काम पोस्ट गूगलचे पहिले पान.



सर्वप्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात, घरी ब्लाउज शिवून संसाराला हातभार लावणाऱ्या एका बाईंनी परवा दहावीतल्या मुलाला विचारले, "बघ रे, या महिन्याचा हप्ता कधी पडणार?" मुलाने फोनला 'लाडकी बहीण योजना हप्ता कधी' एवढे ऐकवले आणि सगळ्यात वर आपला लेख आला. सरकारी संकेतस्थळ खाली कुठेतरी होते. महाराष्ट्र शासनाच्या योजनेबद्दलच्या प्रश्नावर महाराष्ट्र शासनालाच मागे टाकायचे, ही काही साधी कामगिरी नव्हे.

'मोठी बातमी! खात्यात १५०० रुपये जमा होण्यास सुरुवात, लगेच यादीत नाव पाहा' हे शीर्षक मुलाने मोठ्याने वाचले आणि बाईंनी मशीनवरचा पाय थांबवला.

लेख सुरू झाला तो 'नमस्कार मित्रांनो' असा. योजना बहिणींची, पैसे बहिणींचे, स्वागत मात्र मित्रांचे. त्यानंतर 'आजच्या या लेखात आपण सविस्तर माहिती जाणून घेणार आहोत, तरी लेख शेवटपर्यंत नक्की वाचा' अशी प्रेमळ ताकीद. मग अनुक्रमणिका. मग योजनेचा साद्यंत इतिहास: २०२४ च्या जूनमध्ये अर्थसंकल्पात घोषणा, वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिन्याला १५०० रुपये. बाईंना यात नवे काहीच नव्हते. उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी केशरी रेशनकार्ड चालते, हेसुद्धा त्यांना पाठ होते, कारण अर्ज त्यांनी स्वतः भरला होता. इतिहासानंतर तक्ता. योजनेचे नाव, लाभार्थी, रक्कम, राज्य. 'राज्य' या रकान्यापुढे 'महाराष्ट्र' असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. आपण कोणत्या राज्यात राहतो याची बाईंना एव्हाना खात्री पटली असावी.

दर दोन परिच्छेदांमागे एक जाहिरात होतीच: गुडघेदुखीचे तेल, पाच मिनिटांत कर्ज. बंद करायची फुली इतकी बारीक की बोट हमखास जाहिरातीवरच पडावे.

आणि मग, एकदाचे, 'हप्ता कधी येणार?' हे उपशीर्षक आले. त्याखालचे वाक्य असे: 'प्राप्त माहितीनुसार लाडकी बहीण योजना हप्ता लवकरच जमा होण्याची शक्यता वर्तवली जात आहे.' माहिती प्राप्त कोणाला झाली? शक्यता कोण वर्तवते आहे? वेधशाळा? खाली 'वारंवार विचारले जाणारे प्रश्न' होते. त्यांतला पहिला प्रश्न पुन्हा तोच, हप्ता कधी येणार? उत्तर, लवकरच. शीर्षकात जिचा गाजावाजा होता ती यादी कुठेच नव्हती. 'यादीत नाव पाहण्यासाठी येथे क्लिक करा' हे बटण पीएम किसानच्या हप्त्यावरच्या आपल्याच दुसऱ्या लेखात नेत होते. तिथले बटण सातबारा उताऱ्यावरच्या तिसऱ्या लेखात, आणि तिथले बटण व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये. शाब्बास! चकव्यात सापडलेला माणूस निदान पहाटे तरी सुटतो म्हणतात.

आपल्या कारागिरीला दाद द्यायलाच हवी. योजनेचे नाव प्रत्येक वाक्यात येते आणि त्याला विभक्तीचा प्रत्यय सहसा लागत नाही, कारण शोधणारे लोक प्रत्यय टाइप करत नाहीत. वाक्ये आखूड, उपशीर्षके भरपूर. वर्डप्रेसवरच्या योस्ट या प्लगइनचा हिरवा दिवा लागेपर्यंत मजकूर घासलेला. हे प्लगइन मुख्य शब्द पहिल्या परिच्छेदात आहे का, उपशीर्षकात आहे का, पुरेशा वेळा आला आहे का, हे तपासते आणि मजकूर तीनशे शब्दांच्या खाली गेला की कुरकुरते. लिहिलेले खरे आहे का, हे तपासणारा दिवा त्यात नाही. त्यामुळे आपल्या लेखाला सगळे दिवे हिरवे.

गंमत अशी की ज्या गूगलच्या नावाने हा सगळा खटाटोप चालतो, ते गूगल असले काही मागत नाही. लेखकांनी स्वतःला कोणते प्रश्न विचारावेत, याची यादी गूगलच्याच मार्गदर्शिकेत आहे. गूगलला ठरावीक शब्दसंख्या आवडते असे ऐकून तुम्ही तेवढे शब्द लिहिता का, असा एक प्रश्न आहे आणि कंसात खुलासा आहे की आमची अशी कोणतीही आवड नाही. ज्याला आज उत्तरच नाही अशा प्रश्नाचे उत्तर देण्याचे आमिष तुमचा मजकूर दाखवतो का, असा दुसरा प्रश्न आहे. तिथे उदाहरण जाहीर न झालेल्या प्रदर्शन तारखेचे दिले आहे. मार्गदर्शिका लिहिणाऱ्याला लाडक्या बहिणीचा हप्ता ठाऊक नसावा, नाहीतर उदाहरण तेच दिले असते.

पण मग लेख का लांबतो? जाहिरातींसाठी. पाच शब्दांच्या पानावर जाहिरात एकच बसते, पंधराशे शब्दांच्या पानावर आठ-दहा सहज. बाईंचा अंगठा जितका वेळ स्क्रीनवर सरकत राहील तितक्या जाहिराती नजरेखालून जाणार. उत्तर शेवटी ठेवायचे कारण हे, आणि कधी कधी उत्तर ठेवायचेच नाही याचेही कारण हेच.

ही युक्ती आपण शोधलेली नाही, तेव्हा सगळे श्रेय घेऊ नये. अमेरिकेत डिमांड मीडिया नावाची कंपनी होती, ईहाऊ हे संकेतस्थळ तिचेच. लोक काय शोधतात आणि त्या शोधावर जाहिरातीचे किती मिळतील, याचा हिशेब संगणक मांडायचा, विषय त्यातून ठरायचे आणि लेखकाला लेखामागे साधारण १५ डॉलर मिळायचे. २०११ च्या जानेवारीत ही कंपनी मोठ्या थाटात न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली. फेब्रुवारीत गूगलने 'पांडा' हा बदल आणला, तो नेमका असल्या मजकुराच्या कारखान्यांवर. पुढे त्या कंपनीला उतरती कळा लागली. पण कारखाने बंद झाले नाहीत, नुसते जागा बदलत राहिले. त्यांतला एक आता मराठीत आपल्या हातून चालतो.

गूगललाही इथे सोवळे नेसवण्याचे कारण नाही. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये असताना लिहिलेल्या शोधनिबंधाच्या परिशिष्टातच म्हटले होते की जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकणार आणि वापरणाऱ्यापासून दूर जाणार. पुढे त्यांनी तेच करून दाखवले. आज पसरट मजकुराला नाक मुरडणारेही गूगल आणि त्याच पानावर जाहिरात लावून पैसे देणारेही गूगलच. लाइपझिग आणि वायमार इथल्या जर्मन संशोधकांनी वस्तूंच्या परीक्षणांचे ७,३९२ शोध वर्षभर तपासले. २०२४ मध्ये मांडलेला त्यांचा निष्कर्ष असा की वरच्या क्रमांकाची पाने सरासरीने अधिक 'ऑप्टिमाइझ' केलेली, दुव्यांतून अधिक कमाई करणारी आणि मजकुराच्या दर्जात उणी दिसतात. म्हणजे आपला लेख अपघाताने वर आलेला नाही.

आपले बाकीचे उद्योग ओळीत उरकू. कांदेपोह्यांच्या कृतीआधी पोह्यांचा इतिहास, 'माझी आई' या निबंधात कोणाच्याच आईत न बसणारी आई, आणि 'मधुमेह मुळापासून घालवणारे १० घरगुती उपाय'. पहिले दोन हसून सोडता येतात.

पण हप्त्याच्या लेखाखालच्या प्रतिक्रिया सोडता येत नाहीत. तिथे विनोद संपतो. आपण त्या वाचता का? 'सर माझे पैसे दोन महिने आले नाहीत.' 'दादा माझा फॉर्म बाद झाला का बघा.' खाली पूर्ण नाव, गाव, मोबाइल नंबर. एकीने तर आधार क्रमांकाचे बाराच्या बारा आकडे लिहिले आहेत. लेखाच्या माथ्यावर योजनेचे बोधचिन्ह, मुख्यमंत्र्यांचा फोटो आणि तिरंगी पट्टी असल्यावर त्या बायांनी हे सरकारी कार्यालय समजायचे नाही तर काय समजायचे? त्यांनी अर्ज केला आहे, आपल्याकडे! महिनोन्‌महिने ते अर्ज जगाला वाचायला उघडे पडले आहेत, त्यांतले नंबर कोणीही भामटा उचलू शकतो, आणि आपण वरचे शीर्षक ताजे करत बसला आहात. याला आळस म्हणत नाहीत. लाज नावाची काही चीज असते.

आणि सांगण्यासारखे काही नव्हते असेही नाही. हा पैसा थेट हस्तांतरणाने आधारशी जोडलेल्या खात्यात जातो. अर्जावर एका बँकेचे खाते लिहायचे आणि आधार भलत्याच जुन्या खात्याला जोडलेले असायचे, यामुळे किती जणींचे पैसे 'आलेच नाहीत' आणि प्रत्यक्षात दुसऱ्या बँकेत पडून राहिले. सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी आले, त्यात पतीचा किंवा वडिलांचा आधारही लागू लागला. नवरा वारलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या आणि वडीलही नसलेल्या बायांनी कोणाचा आधार द्यायचा? अंगणवाडीसेविकेला दिवसभर हेच प्रश्न ऐकावे लागत होते. एका बँकेत फोन, एका सेविकेशी दहा मिनिटे बोलणे, एवढ्यावर तीनशे शब्दांचा असा लेख झाला असता की गावोगावी पुढे पाठवला गेला असता. आपण त्याऐवजी 'राज्य: महाराष्ट्र' लिहिले.

पण इथवर लिहिल्यावर हिशेब मांडायला घेतला आणि राग जरा अडखळला. आपल्यासारख्यांना या बाजारात शब्दावर पैसे मिळतात, आणि ते बरेचदा खरोखर पैशांतच. शब्दाला वीस पैसे धरू. पंधराशे शब्दांचे झाले तीनशे रुपये. आता खरे उत्तर पाहा: 'तारीख अजून जाहीर झालेली नाही.' शब्द पाच, रुपया एक. उरलेले २९९ रुपये खऱ्या उत्तरात ओतलेल्या पाण्याचे. एवढ्यासाठी अंगणवाडीसेविकेला कोण भेटणार, आणि एसटीचे भाडे कोण देणार? दिवसाला चार लेखांचा कोटा असेल, मालकाने मुख्य शब्दांची एक्सेल शीट पाठवली असेल, लेखावर नाव 'ॲडमिन'चे. मराठीत एम. ए. करून, वाङ्मयमंडळाची बक्षिसे घेऊन आपण इथे बसला असाल, तर 'नमस्कार मित्रांनो' टाइप करताना बोट क्षणभर थबकत असेलच.

त्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. आता मालक म्हणतो, मजकूर यंत्र काढेल, तुम्ही फक्त 'माणसासारखा' करून द्या, भाव निम्मा. यंत्राने लिहिलेले असो की माणसाने, क्रमांक मिळवण्यासाठी घाऊक रतीब घातला तर ती मजकुराची भेसळ, असा नियम गूगलने मार्च २०२४ मध्ये केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात इंग्रजी आणि हिंदीत शोधाचे उत्तर गूगल स्वतःच पानाच्या माथ्यावर लिहू लागले. ते उत्तर वाचणारा खालच्या दुव्यांवर उतरेलच असे नाही. म्हणजे आपण दिवसरात्र ज्याच्या पोटात मजकूर भरलात, तेच आता आपल्या ताटात हात घालते आहे. मालक दुसरा धंदा काढेल. आपले काय?

तेव्हा विनंती मालकाला नाही, आपल्याला आहे. त्या पाच शब्दांचे वाक्य लेखाच्या पहिल्या ओळीत घाला. त्याखाली सरकारी संकेतस्थळाचा खरा दुवा द्या, तिसऱ्या लेखातून फिरवून नेणारा नको. तिरंगी पट्टी काढा आणि 'हे सरकारी संकेतस्थळ नाही' असे मोठ्या अक्षरांत लिहा. बाकीचे १४९५ शब्द खाली खुशाल राहू द्या, मालकाला मोजायला लागतात.

कळावे, लोभ असावा.

ता. क. पत्र पाठवण्याआधी आपला लेख पुन्हा उघडून पाहिला. माथ्यावर 'अपडेटेड' म्हणून आजची तारीख आहे, मजकुरात काना-मात्रेचाही फरक नाही. मजकूर न बदलता तारीख ताजी करता का, हाही प्रश्न गूगलच्या त्या यादीत आहेच, पण ते असो. तारीख बदलायला आत शिरलाच होता, तर बायांचे मोबाइल नंबर तरी पुसून यायचे होते.