दर रविवारी जिंतूर

गाडी सुरू होईनाशी झाली की आमच्या चारठाण्यात पाच मिनिटांत सहा डॉक्टर जमतात. मी सेल्फचं बटण दाबलं, सीटखालून पाल चुकचुकावी तसा टक-टक-टक आवाज आला आणि समोरच्या ओट्यावरून निकाल लागला, "बॅटरी गेली, सर." नाडी नाही, जीभ नाही, एकदम मृत्यूचा दाखला. दुसऱ्याने येऊन हॉर्न दाबला. तो अशा आवाजात वाजला, की ऐकणारा बाजूला होण्याऐवजी विचारपूस करायला जवळ आला असता. "म्हणलं नव्हतं?" ओट्यावरचा म्हणाला.

'बॅटरी गेली' हे वाक्य दीड वर्षात मी तिसऱ्यांदा ऐकत होतो आणि पहिल्या दोन वेळेला पैसेही मोजले होते. नवी बॅटरी नव्या नोकरासारखी असते. पहिले काही महिने एका हाकेला उठते, मग दोन हाका, मग चार, आणि एक दिवस नुसतंच कण्हते. जुनी दिली की दुकानदार शिशाच्या भंगाराचे पैसे किमतीतून वजा करतो, त्यामुळे दुःखात थोडा फायदाही झाल्यासारखं वाटतं. या वेळी मात्र मी हट्टाला पेटलो आणि गाडी ढकलत स्टँडकडे निघालो.

वाटेत वाटलं, लुना बरी होती. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकने आणलेल्या त्या लुनाला बॅटरीच नव्हती. पायडल मारायचं, मॅग्नेट फिरायचा, त्यातूनच ठिणगी आणि त्यातूनच दिवा. अ‍ॅक्सिलेटर पिळला की दिवा मोठा, सोडला की मिणमिणता. रात्री वळणावर नेमका वेग कमी करावा लागे आणि नेमका तेव्हाच रस्ता दिसेनासा होई. पण जी वस्तू नाही ती जाणार कुठून? आमच्या गावातला तो उंच दगडी स्तंभ बघा, शेकडो वर्षं एका जागी उभा आहे. त्याला कोणी बटण लावलं नाही म्हणूनच टिकला असावा.

स्टँडजवळ लिंबाखाली ज्याचं गॅरेज आहे, तो माझाच विद्यार्थी. विजेच्या धड्याला हा बहुधा गैरहजर असायचा. आता माझ्यासमोर मीटर घेऊन बसला होता. मीटरच्या पाठीला चिकटपट्टी, एका पिनेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला.

"बॅटरी गेली म्हणतात," मी म्हणालो.

"कोण म्हणतंय? मीटर म्हणलं का?"

साइडचं झाकण काढलं तर टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी फुललेली, दह्यावर येते तशी. त्याने टपरीवरून गरम पाणी आणवलं, त्यात खायचा सोडा टाकला आणि ओतलं. बुरशी फसफसून गेली. जुन्या ब्रशने घासून नट आवळले, वरून बोटभर व्हॅसलीन. मग पिना टेकवल्या. ११.९.

"बारा व्होल्टची आहे ना? मग एका दशांशाने काय बिघडतं?"

तो हसला नाही, हे त्याचे संस्कार. "सर, नावाला बारा. आत सहा खण असतात, एकेक साधारण २.१ चा. भरलेली असली की साडेबाराच्या वरच दाखवती. बारा म्हणजे जवळजवळ रिकामी. ही तर बाराच्याबी खाली." सहा गुणिले २.१, मी मनात गुणाकार केला. १२.६. बरोबर होतं. हा गैरहजर असायचा हे बहुतेक मीच चुकीचं लक्षात ठेवलं होतं.

ती रात्रभर चार्जिंगला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या आधी गेलो. १२.६. सेल्फ मारला, आकडा १०.४ पर्यंत दबला आणि गाडी धडधडली. "साडेनऊच्या खाली गेली असती तर म्हणलो असतो, गेली," तो म्हणाला. म्हणजे बॅटरी निर्दोष सुटली. मग संशय आला तो भरणाऱ्यावर. इंजिनाबरोबर मॅग्नेट फिरतो, कॉइलमध्ये करंट तयार होतो, पण तो उलटसुलट वाहणारा. आरआर युनिट त्याला सरळ करतं आणि जास्त झाला तर आवरतंही. ते आवरणं बंद पडलं तर आकडा पंधराच्या वर जातो, बॅटरीचं पाणी उकळतं, बल्ब पटापट उडतात. कॉइल जळाली किंवा कपलर करपला तर उलट, गाडी कितीही पिळा, आकडा बारा-साडेबारा सोडत नाही. त्याने अ‍ॅक्सिलेटर धरला. मंद चालीत १२.९. पीळ दिला तसा चढत चढत १४.१ वर जाऊन थांबला. कॉइलही सुटली, आरआर युनिटही सुटलं.

राहिली चोरी. चावी बंद असताना कुठून करंट झिरपतो का, हे बघायला त्याने मायनसची वायर सोडवून मीटर मध्येच जोडला. दोन-तीन मिलिअँपिअर. घड्याळाला लागतो तेवढाच.

"गाडीत काहीच नाही, सर," तो हात पुसत म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं. एकेक आरोपी सुटत गेला की शेवटी कोर्टात फिर्यादीच उरतो. "तुम्ही दिवसाकाठी कुठवर जाताव?"

सांगताना मलाच लाज वाटली. घर ते स्टँड. स्टँड ते टपरी. संध्याकाळी गोकुळेश्वराचं देऊळ. प्रत्येक ठिकाणी गाडी बंद, प्रत्येक ठिकाणाहून पुन्हा सेल्फ. किक मी गुडघ्याच्या कारणाने सोडली होती. बटण दोन सेकंद दाबलं की जो करंट जातो, तो भरून यायला गाडी काही मिनिटं चांगल्या चालीने पळावी लागते, आणि माझी गाडी तोवर पोचलेली असते. त्यात दिवा. १ एप्रिल २०१७ नंतरच्या नव्या गाड्यांचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप पेटतो आणि भर उन्हात पेटलेलाच राहतो. समोरून येणारा प्रत्येक भला माणूस अजूनही पाच बोटं उघडमिट करून मला त्याची आठवण करून देतो आणि मी रोज मान हलवून त्याचे आभार मानतो. बंद करायची सोयच नाही हे किती जणांना सांगणार?

"अर्धपोटी राहिली की आत खडा धरती," तो म्हणाला. शिशाच्या पत्र्यांवर सल्फेट साचतं, वेळच्या वेळी पुरती भरली तर विरघळतं, नाहीतर घट्ट होऊन बसतं. १८५९ साली फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे गुंडाळून गंधकाच्या आम्लात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. मूळ हिकमत अजून तीच आणि मुतखडाही तोच. त्यात परभणीचं ऊन, ते तर माणसाचंही पाणी आटवतं. मला त्या दोन बॅटऱ्या आठवल्या. बिचाऱ्या मेल्या नसाव्यात, उपाशी होत्या. मी त्यांना किलोवर विकलं.

"मग उपाय?"

"दर रविवारी जिंतूर."

"जिंतूरला कोणाला भेटू?"

"कोणालाच नाही. जायचं आन यायचं. लई वाटलं तर नेमगिरीपर्यंत जावा, दर्शनबी होईल. मधी बंद करू नका फक्त."

पैसे घेईना. सोड्याचे तरी घे म्हटलं, तर म्हणाला, टपरीवाल्याला द्या.

घरी बायकोला औषध सांगितलं. "जिंतूरला काय काम आहे?" काही नाही. "मग कशाला चाललात?" बॅटरी भरायला. "ती काल रात्री भरली ना?" यावर उत्तर माझ्या विद्यार्थ्याने दिलं नव्हतं. तिने मात्र एक पिशवी आणि चिठ्ठी दिली. साडीला फॉल-पिको, मिक्सरचं भांडं, भावजयीकडचा डबा परत, शेवया मिळाल्या तर. म्हणजे चार ठिकाणी गाडी बंद आणि चार वेळा सेल्फ. पथ्य पहिल्याच दिवशी मोडलं. आकडेमोड समजावून सांगण्याची हिंमत झाली नाही.

तरी वीसेक किलोमीटर गाडी छान पळाली. दोन्ही बाजूंना तूर, अंगावर वारा, समोरून बोटं उघडमिट करणारी माणसं. जिंतुरात चहाला थांबलो तर आमच्याच ओट्यावरचा, माझ्या बॅटरीला दाखला देणारा तो गृहस्थ, टपरीसमोर उभा. हातात कप, शेजारी त्याची मोटारसायकल.

"इकडे कुठे?" मी विचारलं.

"नेमगिरीला दर्शनाला आल्तो," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

त्याची गाडी स्टँडवर धडधडत होती. "बंद कर की रे, पेट्रोल जायलंय," मी म्हणालो.

"नको सर," त्याने घाईने हँडलवर हात ठेवला, "परत सेल्फ मारावा लागतो."