तटस्थतेचा पत्ता
यंत्राला जात नाही, गाव नाही, भाऊबंदकी नाही. तेव्हा त्याचा सल्ला निःपक्षपाती, हे मान्य करायलाच हवं. २०२४ साली ‘पीएनएएस नेक्सस’मध्ये आलेल्या अभ्यासात ओपनएआयच्या भाषा-प्रारूपांची मूल्यं शंभराहून अधिक देशांतल्या लोकांच्या मूल्यांशी ताडून पाहिली, तेव्हा ती इंग्रजीभाषक आणि प्रोटेस्टंट युरोपीय देशांच्या पंगतीत जाऊन बसली. कुत्सित मंडळी याला पक्षपात म्हणतात. पण मध्यबिंदू कुठेतरी असायलाच हवा, आणि तिकडची हवाही चांगली आहे. सासरे पहाटे पाचला मोठ्याने रेडिओ लावतात, अशी यंत्राकडे तक्रार करून पाहा: भावना ओळखा, हद्द आखा, गरज पडल्यास समुपदेशकाची वेळ घ्या. दीड खोलीत हद्द कुठून आखायची, हा प्रश्न बांधकाम खात्याचा.

‘अमक्या देशाच्या माणसासारखं उत्तर दे’ असं बजावलं की यंत्र सुधारतं, असा युक्तिवाद होतो. खरं आहे, त्याच अभ्यासात बहुतेक देशांबाबत अंतर घटलं. म्हणजे ओस्लोकराने नुसतं विचारायचं आणि लातूरकराने आधी रहिवासी दाखला जोडायचा, इतकंच. त्याची आपल्याला सवय आहे. एवढं करूनही ज्यांचं अंतर घटलं नाही, त्या देशांनी माणसं बदलावीत. शिवाय अशा तुलनेसाठी लोकांची मूल्यं गोळा करत १९८१पासून उन्हातान्हात दारोदार फिरणारी जागतिक मूल्य पाहणी आता थांबवावी. तीच प्रश्नावली यंत्राकडून भरून घेतली, की यंत्राची मूल्यं पाहणीशी तंतोतंत जुळतील.