राउटरकाका

राउटरकाका प्रत्येक सोसायटीत एक असतातच. चुकून दोन असले, तर ते एकमेकांशी बोलत नाहीत. नोकरीतून निवृत्त, गुडघे ठणठणीत, मुलगा परगावी आणि इंटरनेट कंपनीने बसवून दिलेल्या राउटरवर काडीचा विश्वास नाही. म्हणून आमच्या काकांनी स्वतःचा राउटर घेतला, त्यातलं मूळचं सगळं पुसून ओपनडब्ल्यूआरटी नावाचं फर्मवेअर चढवलं आणि टू बीएचकेत चार नेटवर्कं थाटली.

का, असं विचारलंत की काका २०१६ पासून सुरुवात करतात. त्या साली मिराई नावाच्या मालवेअरने, ज्यांचे मूळचे पासवर्ड कुणी बदलले नव्हते असे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी अमेरिकेतल्या भल्याभल्या वेबसाइट पाडल्या. "तेव्हा हा दीडदमडीचा बल्ब," काका छताकडे बोट करतात, "माझ्या बँकेच्या लॅपटॉपशेजारी बसणार नाही!"

झालं, घरात सोवळं सुरू झालं. काकांचा लॅपटॉप आणि घरातले फोन सोवळ्यात. टीव्ही, बल्ब, कॅमेरा, प्रिंटर ओवळ्यात. पाहुण्यांची सोय तिसरीकडे. चौथ्यात काय आहे ते काकांनाच ठाऊक. अशा वेगळ्या काढलेल्या नेटवर्कांना, म्हणजे व्हीलॅनला, ४०९४ क्रमांक देता येतात, हे त्यांनी मला ज्या आनंदाने सांगितलं, त्याने मला काकूंची काळजी वाटू लागली.

"अहो, प्रिंटर दिसत नाहीये."

"दिसणारच नाही. तो दुसऱ्या सबनेटवर आहे."

"तो टेबलावर आहे. मला इथून दिसतोय, फोनला दिसत नाहीये."

काकूंचा मुद्दा बिनतोड होता. फोन प्रिंटर शोधतो तो २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर सगळ्या नेटवर्काला विचारून: इथे छापणारं कोणी आहे का? असेल तो उत्तर देतो. याला एमडीएनएस म्हणतात आणि त्याचे नियम २०१३ च्या आरएफसी ६७६२ मध्ये आहेत. पण तो पत्ता त्या-त्या नेटवर्कापुरताच राखलेला. तिथे आलेलं पॅकेट राउटरने शेजारच्या नेटवर्कात न्यायचं नाही. म्हणजे राउटर बिघडला नव्हता, तो नियमाने वागत होता. उभा जन्म नियमाने वागलेल्या काकांना त्याच्यावर धड चिडताही येईना.

मग त्यांनी राउटरवर अवाही नावाचं सॉफ्टवेअर बसवलं आणि त्यातला रिफ्लेक्टर चालू केला. इकडचा प्रश्न तो तिकडे पुन्हा विचारतो, तिकडचं उत्तर इकडे आणतो. प्रिंटर फोनच्या यादीत झळकला. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी बटण दाबलं. प्रिंटर ढिम्म. नाव कळलं तरी मधल्या फायरवॉलने ६३१ पोर्ट अडवून धरलेला. तो उघडला, तेव्हा कुठे विजेचं बिल छापून आलं. ते भरायची तारीख उलटून गेली होती, पण काकांनी तो कागद जपून ठेवलाय.

टीव्हीने वेगळाच पवित्रा घेतला. लॅपटॉपवरचे लग्नाचे व्हिडिओ शोधायला तो एसएसडीपी वापरतो: पत्ता २३९.२५५.२५५.२५०, पोर्ट १९००. अवाही त्याला हातही लावत नाही. म्हणून आणखी एक रिले आला. पुढे काकांना वाटलं, जोडीला रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवरही रिफ्लेक्टर असावा, आधार म्हणून. मग एकाने म्हटलेलं दुसरा म्हणायला लागला, ते ऐकून पहिला परत, आणि सगळ्या घराचं वायफाय धापा टाकू लागलं. त्या रात्री काका तीनपर्यंत, नेटवर्कातली पॅकेटं दाखवणारं वायरशार्क उघडून बसले होते. इतके टवटवीत ते मुलाच्या लग्नातही दिसले नव्हते.

खरं तर सगळं सुरळीत चाललं की काका कोमेजतात. दोन दिवस कुणाची तक्रार आली नाही की स्वतःच विचारतात, "टीव्ही नीट चालतोय ना?" चालतोय म्हटलं की गप्प बसतात आणि संध्याकाळी फर्मवेअर अपडेट करतात.

काकूंनी मात्र यातून अंग काढून घेतलं. छापायचं असेल ते आपल्या लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर घेतात आणि भाजी आणायला जाताना कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणतात. परवा काकांना याचा सुगावा लागला.

"झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरला लावलेला पेनड्राइव्ह? आणि तोच घरी येऊन पुन्हा लॅपटॉपला?"

"मग काय झालं?"

काका काही बोलले नाहीत. उठून आत गेले. काकूंचा लॅपटॉप आता पाचव्या नेटवर्कात असतो.