एकविसाव्यापर्यंत सगळं पाठ, बाविसाव्याचं काय?

ऐकलंत का? शिबिरं, स्केटिंग, अबॅकस सगळं जुनं झालं म्हणे. यंदाच्या सुट्टीत पोरं घरी अंडी उबवतायत! हो, कोंबडीची. हॉलमध्ये टीव्हीशेजारी इन्क्युबेटर मांडलेला, वर दिवसांचा तक्ता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दर्शन सक्तीचं. जिथे केकसुद्धा बिनअंड्याचा लागतो, त्या घरातही हे चाललंय. विचारलं तर उत्तर तयार: "आम्ही खात नाही हो, आम्ही शिकतोय."

पहिली फजिती अंडी आणतानाच होते. कोपऱ्यावरच्या दुकानातला ट्रे आणून लोक मोकळे. अहो, पोल्ट्रीतल्या लेअर कोंबड्यांनी जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो. ती अंडी वर्षभर उबेत ठेवलीत तरी त्यातून पिल्लू यायचं नाही. हे कळलं की पोर विचारतं, "मग कोंबडा कशाला लागतो?" आणि त्या क्षणी बाबांना नेमका ऑफिसचा फोन येतो. बघा, शिक्षण सुरू झालं!

मग फलित अंड्यांची शोधाशोध. त्यातही चढाओढ. कुणी गिरिराज आणतं, कुणाला कडकनाथच हवा, का तर २०१८ साली झाबुआच्या या काळ्या कोंबडीच्या मांसाला जीआय मानांकन मिळालंय. मानांकनाचं पिल्लू म्हटल्यावर शेजारणीपुढे मान जरा ताठ राहते.

आणि बडदास्त तर काय विचारता! तापमान साडेसदतीस अंश, पाण्याची वाटी भरलेली, दिवसातून निदान तीनदा अंडी फिरवायची. त्यासाठी मोबाइलवर गजर. सख्ख्या भाच्याचं लग्न चुकवलं लोकांनी, "अंडी कोण फिरवणार?" म्हणून. सातव्या दिवशी दिवे घालवून अंड्यामागे टॉर्च धरतात. आत लाल शिरांचं जाळं दिसलं की फोटो थेट कुटुंबाच्या ग्रुपवर. बरोबर 'गुड न्यूज' असं लिहून! आत्याबाईंना तिकडे घेरी यायची वेळ. अठराव्या दिवसानंतर फिरवणं बंद, ओलावा वाढवायचा, झाकणाला हात लावायचा नाही. आणि नेमकी तेव्हाच वीज जाते.

कोकणातल्या आज्यांना हे सांगून बघा. खुडूक कोंबडी टोपलीत पेंढ्यावर बसवायची, की संपलं. अंडी ती स्वतःच फिरवते, ना गजर ना तक्ता. इजिप्तमध्ये शेकडो वर्षं मातीच्या भट्ट्यांत हजारोंनी अंडी उबवली. तापमापक नव्हता, तर कारागीर अंडं पापणीला लावून ऊब जोखायचे. आमच्याकडे डिजिटल आकडा लाल अक्षरांत झळकतोय, तरी बाबा पहाटे तीनला उठून बघतायत.

एक मात्र कबूल करायला हवं. विसाव्या-एकविसाव्या दिवशी आतून चिवचिव ऐकू येते, कवचाला पहिला टवका पडतो, तेव्हा पोर मोबाइल विसरून तासन् तास बसतं. टवक्यापासून बाहेर यायला पिल्लाला कधी कधी अख्खा दिवस लागतो. पोर थांबतं हो! थांबवत नाही ते आईला. ती चिमटा घेऊन हजर. घाईने कवच सोललं तर आतल्या शिरा फुटून रक्त येतं, हे तिला पोरानेच सांगायचं.

खरी गंमत बाविसाव्या दिवशी. पिल्लं गोड, स्टेटस झाले, एका घरी तर बारसंही झालं म्हणे. पण त्यांना पहिला आठवडा पस्तीस अंशांची ऊब लागते, खाद्य लागतं, आणि शी कुठे करायची याचं त्यांना वळण नसतं. खोका बाल्कनीत जातो. त्यात निम्मे नर निघणार, हा निसर्गाचा हिशेब. दोन-तीन महिन्यांत पहाटे चारला 'कुकुऽऽचकू', आणि पाचला सोसायटीचा सेक्रेटरी दारात.

मग एके सकाळी खोका रिकामा. "शेतावर पाठवली, तिथे मजेत आहेत." कुठलं शेत, कुणाचं शेत, विचारू नका. एकवीस दिवसांचा तक्ता भिंतीवर लावणाऱ्यांनी बाविसावा रकानाच आखलेला नसतो! अहो, पिल्लं कोण नेणार हे अंडी आणण्याआधी ठरवा, आणि ठरवताना पोराला समोर बसवा. तो धडा इन्क्युबेटरच्या खोक्यात मिळत नाही.

आणि शेताची थाप मारायचीच असेल, तर निदान त्या रविवारी तरी बिर्याणी मागवू नका!