बापूंचं फिरतं बिऱ्हाड

बापूंना हॉटेलात झोप लागत नाही. गादी मऊ असते, खोली गार असते, आजूबाजूला चिडीचूप असतं. पण दिवा मालवला की बापूंच्या डोक्यातलं मीटर सुरू होतं. रात्रीचे दीडशे डॉलर, त्यात आपल्या वाट्याला दहा तास, म्हणजे तासाला पंधरा. "आणि पंधरा डॉलर मोजून आपण करायचं काय, तर डोळे मिटायचे!" असं म्हणत ते उठून बसतात आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून टीव्ही लावतात. मग काकूंनाही झोप लागत नाही.

सांगलीच्या वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल करून बापू सत्तरच्या दशकात अमेरिकेत आले. डेट्रॉइटच्या परिसरात गाड्यांच्या ब्रेकची डिझाइनं करण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर अख्खी अमेरिका बघायची होती, पण हॉटेलचं बिल न भरता. त्यावर उपाय एकच, मोटरहोम. नवी घेण्याचा प्रश्नच नव्हता. नवी गाडी दुकानाच्या फाटकाबाहेर पडली की तिथल्या तिथे हजारो डॉलरनी उतरते, हे बापू गेली चाळीस वर्षं दिसेल त्याला सांगत आलेत. तेव्हा त्यांनी १९९४ सालची गाडी शोधली. फोर्ड ई-३५० च्या चासीवर बांधलेली, सत्तावीस फुटी, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. मालक आठ हजार सांगत होता, बापूंनी सहावर आणली. घासाघिशीत ते इतके रंगले की बाकी गोष्टी बघायच्या राहूनच गेल्या.

म्हणजे इंजिन बघितलं. साडेसात लिटरचं व्ही-एट इंजिन, आवाज खणखणीत. गाडीखाली सरपटत जाऊन ब्रेक बघितले. टायरची नक्षी तर नव्यासारखी. पण मोटरहोम ही नुसती गाडी नसते, ते घर असतं; आणि घराला इंजिन मारत नाही, पाणी मारतं. जुन्या मोटरहोमचं छत म्हणजे प्लायवर चिकटवलेला रबराचा पातळ थर. त्याला हवेच्या झरोक्यांसाठी, एसीसाठी, पाइपांसाठी भोकं पाडलेली असतात आणि प्रत्येक भोकाभोवती सीलंट असतं. ते दरवर्षी तपासावं लागतं, तडकलं तर पुन्हा भरावं लागतं. आधीच्या मालकाला उंचीची भीती असावी. बापूंनी गाडी बघितली ती ऑक्टोबरातल्या लख्ख उन्हात. पहिला पाऊस पडला तेव्हा वरच्या पलंगावरची उशी भिजली. बापूंनी तिथली भिंत अंगठ्याने दाबून पाहिली. अंगठा आत गेला.

टायरचंही तसंच. नक्षी झिजली नव्हती, कारण गाडी चाललीच नव्हती. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांपुढे जे आकडे असतात, त्यांतले शेवटचे चार म्हणजे त्याची जन्मतारीख. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बापूंच्या टायरवर '०८०६' होतं. म्हणजे २००६ सालचा आठवा आठवडा, आणि तेव्हा २०१५ संपत आलं होतं. कडांना बारीक चिरा पडल्या होत्या. मागे जोडचाकं असल्यामुळे टायर एकूण सहा. सहाही बदलावे लागले.

दुसरा एखादा खचला असता. बापूंनी वही काढली.

या वहीवाचून बापू कळायचे नाहीत. तिच्यात खर्चाचा रकाना नाही. तीनच रकाने आहेत: काम, कारखान्याने घेतले असते ते, आणि वाचले ते. वरच्या पलंगाची कुजलेली चौकट काढून नवी बसवायला बापूंना नव्वद तास लागले. कारखान्याचा दर तासाला दीडशे, म्हणून 'वाचले' या रकान्यात साडेतेरा हजार डॉलर. टायर मात्र स्वतः चढवता येत नाहीत, तिथे वाचलं काहीच नाही. म्हणून त्यांची नोंदही नाही. या पद्धतीने गाडी जितकी मोडेल तितके बापू श्रीमंत होतात. तिसऱ्या वर्षी त्यांनी बेरीज केली, तर सहा हजारांच्या गाडीवर त्यांचे चौतीस हजार डॉलर वाचले होते.

"अहो, मग ते ठेवलेत कुठे?" काकूंनी विचारलं.

"गाडीत," बापू म्हणाले.

दरम्यान सोसायटीचं पत्र आलं. अमेरिकेतल्या सोसायट्या घराच्या रंगापासून गवताच्या उंचीपर्यंत सगळ्यावर नजर ठेवतात, मग दारातल्या सत्तावीस फुटी गाडीवर नाही का ठेवणार? गाडी गावाबाहेरच्या भाड्याच्या आवारात गेली. आवाराच्या भाड्यात महिन्याकाठी एक रात्र हॉटेलात निघाली असती, असं मी एकदा बोललो. बापूंनी माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली.

त्यांचं पंढरपूर म्हणजे इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट. अमेरिकेतली बहुतेक मोटरहोम आणि ट्रेलर याच पट्ट्यात बनतात. कारखान्यांतून उरलेलं सामान विकणारी दुकानंही तिथेच. डेट्रॉइटहून तीन तासांचा रस्ता, आणि बापूंची वारी चुकत नाही. चाळीस डॉलरचा नळ अकराला मिळाला, की बापू तो घेतात आणि सोबत आणखी दोन घेतात. एकोणतीसच्या जागी सत्त्याऐंशी वाचतात. तिथे मोटरहोमचं संग्रहालयही आहे. काकू ते चार वेळा बघून आल्या आहेत. बापू अजून गेलेले नाहीत, तिकीट आहे.

पाहुणा आला की बापू त्याला आधी फ्रीज दाखवतात. या जुन्या फ्रीजला कॉम्प्रेसर नसतो. खाली गॅसची ज्योत पेटवायची, तिच्या उष्णतेने नळ्यांतला अमोनिया फिरतो आणि वरचं दूध गार राहतं. "आग लावून थंड करतो!" हे वाक्य बापू असं म्हणतात, की शोध त्यांनीच लावला असावा. मात्र हा फ्रीज तिरका उभा राहिला की बिघडतो. म्हणून मुक्कामाला पोहोचल्यावर बापू आधी पाणसळ काढतात. चाकांखाली फळ्या सरकवत पाऊण तास गाडी पुढे-मागे करतात. फ्रीज सपाट झाल्याशिवाय चहा नाही.

जनरेटरचीही अशीच सेवा. महिन्यातून एकदा तो चालवला नाही तर कार्ब्युरेटरात पेट्रोल चिकटून बसतं. आणि नुसता चालवून भागत नाही, त्याच्यावर भार टाकावा लागतो. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला काकू मिक्सर घेऊन त्या आवारात जातात. एसी सुरू असतो, इस्त्री तापत असते, शेजारी दुसऱ्यांच्या बोटी उभ्या असतात आणि काकू मिक्सरमध्ये शेंगदाण्याचं कूट करतात. आमच्या मंडळात उपासाला लागणारं कूट कित्येक वर्षं याच जनरेटरवर झालेलं आहे.

एकदा तिथेच बापूंनी आरडाओरडा करून काकूंना गाडीबाहेर काढलं, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. गॅस गळतोय! नळ्यांच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून झाला, एकही बुडबुडा नाही. मूळ प्रोपेनला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकाचं उग्र वासाचं संयुग मिसळतात. हिंगाच्या वासातही गंधकच असतं. काकूंनी आमटीला फोडणी दिली होती. त्या शोधाचेही बापूंनी शंभर डॉलर लावले, कारण मेकॅनिक आला असता तर त्याने तेवढे घेतलेच असते.

संडासाचा विषय नाजूक आहे. गाडीखाली दोन टाक्या असतात, एक बेसिन-अंघोळीच्या पाण्याची आणि दुसरी ती. आधी दुसरी रिकामी करायची, मग पहिली, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. टाकी किती भरली हे दाखवणारे दिवे बहुतेक जुन्या गाड्यांत खोटंच बोलतात. बापूंची टाकी धुतल्यावरही दोन तृतीयांश भरलेली दिसते. बापूंनी यावर निर्णय घेतला: गाडीतला संडास वापरायचाच नाही. तेव्हा हायवेवर विश्रांतिगृह दिसलं की स्वतःचं न्हाणीघर घेऊन चाललेली ही गाडी थांबते आणि दोघं सरकारी संडासाकडे चालू लागतात.

गाडी फिरली का? फिरली. अनेक खाजगी कॅम्पग्राउंडवाले दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी आत घेत नाहीत किंवा आधी फोटो मागतात. बापूंनी बाणेदारपणे फोटो नाकारला आणि ते सरकारी पार्कांत उतरले; तिथे गाडीचं वय विचारत नाहीत आणि भाडंही कमी असतं. लडिंग्टनला मिशिगन सरोवराच्या काठी राहिले. मॅकिनॉचा पाच मैलांचा, १९५७ साली खुला झालेला पूल ओलांडून उत्तरेला गेले. त्या दिवशी वारा होता, आणि वाऱ्यात उंच गाड्यांना त्या पुलावर ताशी वीस मैलांनीच जावं लागतं. गाडी डोलत होती, काकू रामरक्षा म्हणत होत्या. एरवी ही गाडी लिटरला साडेतीन किलोमीटरही देत नाही. "इतक्या सावकाश गेलं की पेट्रोल कमी लागतं," बापू म्हणाले आणि पलीकडे पोहोचल्यावर त्यांनी वही काढली.

हल्ली मंडळातलं कुणी जुनं मोटरहोम घ्यायला निघालं, की बापूंना सोबत नेतं. ते शिडी लावून छतावर चढतात, कोपरान् कोपरा अंगठ्याने दाबतात, टायरची जन्मतारीख मोठ्याने वाचतात, गाडीमालकाचा चेहरा उतरवतात. घेणारा घाबरून हॉटेलचं बुकिंग करतो. बापू मात्र मागे रेंगाळतात आणि हळूच विचारतात, "शेवटचा किती देणार?" काकू आता त्यांना एकटं सोडत नाहीत.

तुम्हालाही अशी गाडी घ्यायची असेल, तर बापूंना जरूर न्या. त्यांच्याइतका पारखी आसपास दुसरा नाही. गाडी बघायला उन्हात जाऊ नका, मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. इंजिनाच्या आधी छत बघा. आणि हिशेबाची वही मात्र घरून आपली न्या, खर्चाचा रकाना असलेली.