आलं का?

लालबागच्या आमच्या चाळीच्या कौलांवर संध्याकाळी दोनच जिवांची वर्दळ असे : कावळ्यांची आणि काकांची. कावळ्यांना अँटेना ही आपल्यासाठीच टांगलेली दांडी वाटे. काका तिचा बांबू कवळून तिला पुन्हा वरळीकडे वळवत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्याकडे संच आला तो बऱ्याच वर्षांनी, आणि आल्या दिवशीच अख्ख्या मजल्याचा होऊन गेला. वरळीचा मनोरा तसा हाकेच्या अंतरावर, तरी चित्राला सावल्या. बातम्या देणाऱ्या बाईंच्या खांद्यामागे तशाच आणखी एक बाई, जरा फिकट, जणू धाकटी बहीण सोबतीला आलेली. आजीला त्यात काही वावगं दिसत नसे. इतक्या उशिरा बाईमाणसानं एकटीनं कशाला जावं, असं तिचं मत.

त्या धाकट्या बहिणीचा उगम मला फार पुढे, कॉलेजात, कळला. एका पावसाळ्यात जुनी चपटी वायर कुजली म्हणून काकांनी काळी, गोल, चांगली दणकट केबल आणली आणि दोन्ही टोकांना नुसती पिळून जोडली. चपटी वायर तीनशे ओहमची होती, अँटेना तीनशेची, संचही तीनशेचा. ही नवी केबल मात्र पंचाहत्तरची. पुस्तकात याला प्रतिबाधा म्हणतात. इंग्रजीतला इंपीडन्स हा शब्द ऑलिव्हर हेविसाइडनं १८८६ मध्ये घडवला. आजी त्याला सरळ ‘स्वभाव’ म्हणाली असती. विसर्जनाची मिरवणूक हमरस्त्यावरून एकदम बोळात शिरावी तसं होतं : काही लोक आत जातात, काही तोंडावरूनच मागे फिरतात. तीनशे आणि पंचाहत्तरच्या सांध्यावर शंभरातला छत्तीस हिस्सा असा परततो. खाली संचापाशी परतलेला वर जातो, अँटेनापाशी आपटून पुन्हा खाली येतो. पंधरा मीटर केबलीत या येरझारीला सेकंदाचा दीडेक कोट्यंश भाग पुरेसा. पडद्यावर त्याची जेमतेम मिलिमीटरभर सावली पडते. म्हणजे सगळा दोष काकांचा नव्हता. ती ठसठशीत धाकटी बहीण गिरण्यांच्या धुराड्यांवरून उसळून आलेली असणार. आमच्या केबलीनं तिला फक्त दार उघडून दिलं.

पण खरा न जुळणारा सांधा जिन्यात होता. काका गिरणीत साचेखात्यात. शेकडो मागांच्या खडखडाटात आयुष्य काढल्यानं बोलणं खणखणीत, ऐकणं मात्र बेताचं. कौलांवरून आरोळी येई, “आलं का?” ती तीन चाळींना ऐकू जाई. खोलीतून आई हळूच म्हणे, “आलं,” आणि ते शेजारणीलासुद्धा ऐकू येत नसे. मग काका बांबू आणखी फिरवत आणि आलेलं चित्र जाई. म्हणून मला वरच्या पायरीवर उभं केलेलं असे. आईचं ‘आलं’ चौपट मोठं करून वर धाडायचं आणि काकांच्या शिव्या गाळून खाली पोचवायच्या. तीनशे आणि पंचाहत्तरचं गुणोत्तरही चौपटच, हे कळलं तेव्हा वर्गात मी एकटाच हसलो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. भोंगे थांबले, चाळीला सकाळ कधी झाली ते कळेनासं झालं. त्याच्या पुढच्या वर्षी मी लॅमिंग्टन रोडवरून दोन बालून आणले. फुगे नव्हेत, बोटाच्या पेराएवढी डबी, आत तारेचे चार वेढे, तीनशेला पंचाहत्तरशी बोलतं करणारी. एक वर, एक खाली. धाकटी बहीण जवळजवळ निघूनच गेली. आजी दोन दिवस तिची चौकशी करत होती.

आता कौलांवर चढायचं काही कारण उरलं नव्हतं. काका तरी दिवस कलताना जात. गिरणीत जायचं नव्हतं, खाली नुसतं बसवत नव्हतं. वरळीच्या बाजूला सूर्य उतरे, मनोरा काळा होत जाई, आणि ते बांबूला हात लावून उभे राहत, न फिरवता. एकदा वीज गेली होती. सगळा मजला गॅलरीत वारा घेत होता. वरून आरोळी आली, “आलं का?”

मी वरच्या पायरीपर्यंत गेलो आणि ओरडलो, “आलं!” मग, एकदा ऐकू गेलं नसेल म्हणून, पुन्हा एकदा.